दुभाष्याची जागा

१९६१ साली नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली एका माणसाला स्थानबद्ध केले. आदेश आणि त्याची कारणे इंग्रजीत होती. ज्याच्यावर ती बजावली गेली त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी तर्जुमा मागितला. तो नाकारताना शासनाने दोन गोष्टी पुढे केल्या. एक, आदेश बजावतानाच त्याचा आशय तोंडी समजावून सांगितला होता. दोन, इंग्रजी ही अद्याप राजभाषा असल्यामुळे इंग्रजीतून कळवणे कायद्याला धरूनच होते. उच्च न्यायालयात त्याचा अर्ज फेटाळला गेला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात हे दोन्ही युक्तिवाद अमान्य केले. राज्यघटनेचा अनुच्छेद २२(५) सांगतो की स्थानबद्धाला कारणे 'कळवली' पाहिजेत. केवळ कागद हाती ठेवल्याने काही कळवले जात नाही. माणसाला समजणाऱ्या भाषेत, आणि तो साक्षर असेल तर त्याला वाचता येणाऱ्या लिपीत, ती कारणे पोचली पाहिजेत, हे त्या निकालाचे सार.

एका क्रियापदाच्या अर्थावर एका माणसाचे स्वातंत्र्य ठरले. शब्दार्थविचार शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा निकाल मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. तो आजही जिवंत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असे गुन्हा कोणत्याही कायद्याखालील असो, स्पष्ट केले. दोन्ही प्रकरणे महाराष्ट्रातली. तत्त्वाविषयी आता वाद उरलेला नाही. वाद, किंवा खरे तर मौन, आहे ते पुढच्या प्रश्नाविषयी: हे कळवायचे कोणी? पोलीस ठाण्यात, दंडाधिकाऱ्यांपुढे, साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ दोन भाषांच्या मध्ये जो माणूस उभा राहतो, तो कोण असतो, त्याने काय शिकलेले असते, आणि त्याचे शब्द कोण तपासते?

कायद्यात दुभाषी आहे, परंतु तो एखाद्या नाटकातल्या 'सेवक एक' सारखा आहे. त्याला प्रवेश आहे, व्यक्तिरेखा नाही. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत खुल्या न्यायालयात सांगितली पाहिजे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७९ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ३१४ म्हणून आले आहे. कलम ३१७ म्हणते की दुभाष्याने खरा अर्थ सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार त्याला शपथही घ्यावी लागते. बस्स, एवढेच. खरा अर्थ सांगण्याची पात्रता कोणती, ती कोणी ठरवायची, मानधन किती, अर्थ चुकला तर तो कसा उघडकीस यावा, याविषयी ही कलमे बोलत नाहीत. त्यामुळे जो कोणी हाताशी असेल तोच दुभाषी ठरतो: शिपाई, वनरक्षक, कोतवाल, गावातला शिकलेला मुलगा, क्वचित साक्षीदाराचाच नातेवाईक. यांतल्या कोणाच्याही प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न प्रामाणिकपणाचा नसून कामाच्या स्वरूपाचा आहे.

हा प्रश्न नागपुरातून विचारण्याला विशेष औचित्य आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसवले ते गोंड राजा बख्त बुलंद शाह याने. पुढे ते मध्य प्रांत व वऱ्हाड या हिंदी-मराठी प्रांताची राजधानी झाले, १९३६ साली येथे स्वतंत्र उच्च न्यायालय आले, आणि आज मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतली प्रकरणे येतात. त्यांत १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली आहे, आणि त्या एका जिल्ह्यात मराठीखेरीज गोंडी आहे, भामरागड-एटापल्लीकडची माडिया आहे, सिरोंच्याकडे तेलुगू आहे, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्यांत बंगाली आहे, आणि सीमेलगत छत्तीसगढी आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची देशभरातली संख्या २९ लाख ८४ हजारांच्या घरात होती. तरीही गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. ज्या राजवंशाने नागपूर वसवले त्याच्या समाजाची भाषा नागपूरच्या न्यायव्यवस्थेत परकी ठरावी, ही इतिहासाची थट्टा सहज विसरण्यासारखी नाही.

आता भामरागडच्या बाजूच्या एखाद्या बाईच्या तोंडच्या एका वाक्याचा प्रवास कल्पनेने पाहू. ती माडियात बोलते. ठाण्यात कोणीतरी ते मराठीत सांगतो, दुसरा कोणीतरी ते लिहितो. खटला उभा राहिला की सत्र न्यायालयात ती पुन्हा माडियात बोलते, पुन्हा मराठी होते. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलला तर शक्य असल्यास साक्ष त्याच भाषेत लिहून घ्यावी, नाहीतर तिचे भाषांतर तयार करावे, अशी कायद्याची सोय आहे. माडियाच्या बाबतीत 'शक्य असल्यास' हे दोन शब्द काय करतात हे सांगायला नको. पुढे अपील नागपुरात येते आणि ते मराठी इंग्रजी होते. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींच्या समोर जे वाक्य असते त्याला बाईच्या वाक्याचे पणतू म्हणता येईल. पणजीशी त्याचे साम्य असेलच, असा भरवसा देता येत नाही.

हे साम्य कुठे हरवते, याची काही उदाहरणे व्याकरणातूनच देता येतील. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा. तिच्या लिंगव्यवस्थेत पुरुष एकीकडे आणि स्त्रिया, पशू, वस्तू दुसरीकडे अशी विभागणी आहे. 'ती' आणि 'ते' यांना एकच सर्वनाम चालते. मराठीत सांगणाऱ्याला मात्र निवड करावीच लागते. 'ती पडली होती' की 'ते पडले होते', हा निर्णय दुभाषी संदर्भावरून घेतो, आणि कागदावर तो साक्षीदाराचा म्हणून उतरतो. मराठीकडून इंग्रजीकडे जाताना वेगळीच गळती होते. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आपल्याकडे लहान मूलही अचूक पाळते. 'तो म्हणाला, आपण जाऊ' आणि 'तो म्हणाला, आम्ही जातो' या दोन वाक्यांत ऐकणारा एकदा आत आहे, एकदा बाहेर. इंग्रजीत दोहोंचे 'वुई' होते. अनेकांनी समान इराद्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी प्रत्येकावर टाकणारे जे तत्त्व पूर्वी दंड संहितेच्या कलम ३४ मध्ये होते आणि आता न्याय संहितेच्या कलम ३(५) मध्ये आहे, त्याच्या छायेत उभ्या असलेल्या आरोपीला हा सर्वनामाचा भेद किती महत्त्वाचा वाटेल! तसेच आपले 'म्हणे'. 'तो रात्री आला होता म्हणे' या वाक्यात बोलणाऱ्याने स्वतः काही पाहिलेले नाही. हे दोन अक्षरी अव्यय भाषांतरात गळले की ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखतची होते. ऐकीव पुरावा आणि प्रत्यक्ष पुरावा यांतले अंतर न्यायशास्त्र ज्या काटेकोरपणे जपते, ते अंतर मराठी भाषा एका 'म्हणे'त साठवून ठेवते.

कोणी म्हणेल, हा प्रश्न अन्य भाषकांचा. मराठी माणसाला महाराष्ट्रातल्या ठाण्यात दुभाषी कशाला? पण वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाची फिर्याद वाचून पाहावी. 'सदर इसम', 'मजकूर', 'फिर्यादीस अश्लील शिवीगाळ करून जीवे मारण्याची धमकी दिली', ही भाषा फिर्यादीच्या घरात कोणी बोलत नाही. फारसीच्या वळणाने आलेली ती दप्तरी मराठी आहे, आणि ठाण्यातला हवालदार हा वऱ्हाडीतून दप्तरीत भाषांतर करणारा, स्वतःला भाषांतरकार न मानणारा भाषांतरकार आहे. आपण काव्यशास्त्राच्या तासाला अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवतो. 'तुयी तंगडी तोडतो' हे भांडणातले वाक्य लक्षणेने बोलले जाते. जबाबात ते अभिधेने उतरते. उलटही घडते. खऱ्या धमकीचा सूर कागदावर येत नाही, शब्द तेवढे येतात. आणि 'हाव जी'? साहेबापुढे उभा असलेला माणूस 'हाव जी' म्हणतो तेव्हा 'तुमचे म्हणणे कानी आले' एवढेच तो सांगत असतो. त्याची नोंद 'मला मान्य आहे' अशी झाली, तर भाषेने नव्हे, भाषेच्या अज्ञानाने पुरावा निर्माण केला असे म्हणावे लागेल.

न्यायालयात तर निवेदनतंत्राचाच प्रश्न उभा राहतो. साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तररूपाने न लिहिता कथनरूपाने लिहावी, असा नियम आहे. वकिलाच्या लांबलचक प्रश्नाला साक्षीदार 'नाही' म्हणतो आणि नोंदीत येते: 'हे म्हणणे खरे नाही की, मी जुन्या वैरामुळे खोटी साक्ष देत आहे.' हे वाक्य साक्षीदाराने कधीच उच्चारलेले नसते, तरी त्यातला 'मी' त्याचा आहे. पुढे पोलिसांपुढचा जबाब आणि ही साक्ष यांत तफावत दाखवली जाते, आणि साक्षीदार ते ठरीव उत्तर देतो: असे पोलिसांनी का लिहिले याचे कारण सांगता येणार नाही. निवेदक कोण, बोलणारा कोण, लिहिणारा कोण, हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो. खटल्याच्या कागदांना ते विचारले, तर तेथे एखाद्याच्या आयुष्याची वर्षे त्या उत्तरावर टांगलेली असतात. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये बेणारेला बोलायला दहा सेकंद मिळतात. नाटक वर्गात शिकवताना आपण त्या दहा सेकंदांवर तासभर बोलतो. ज्यांना सेकंद मिळतात पण शब्द मिळत नाहीत, त्यांच्याविषयी आपल्या समीक्षेत फारसे लिहिले जात नाही.

मौनाचेही भाषांतर होते, हे विदर्भाने पाहिले आहे. १९७२ च्या मार्च महिन्यात देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला चालला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ साली नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा भेद त्या निकालाने केला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो भेद मान्य न करता आरोपींना निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, यांचा अर्थ संमती असा लावला गेला. त्या निकालाविरुद्ध १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिणारे चौघे, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार, हे कायद्याचे अध्यापक होते. त्या पत्राने सुरू झालेल्या चळवळीतून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. हे दुभाष्याचे प्रकरण नव्हते, हे खरे. परंतु सत्तेपुढे उभ्या असलेल्या माणसाची चुप्पी कशी वाचावी, हा त्यातला प्रश्न आणि 'हाव जी' कसे वाचावे हा प्रश्न सख्खे आहेत. अध्यापकांनी केलेल्या अर्थनिर्णयाचा कायद्यावर परिणाम होऊ शकतो, याचाही तो दाखला आहे.

'हे सारे व्यवहार्य नाही. एवढे दुभाषी आणायचे कुठून?' असा आक्षेप अपेक्षित आहे. त्याला कायद्यानेच उत्तर देऊन ठेवले आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यात बालकाला भाषा समजत नसेल तर विहित पात्रतेचा, अनुभवाचा दुभाषी, विहित मानधन देऊन, उपलब्ध करून द्यावा असे म्हटले आहे. त्याखालच्या नियमांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, भाषांतरकार आणि विशेष शिक्षक यांची नोंदवही ठेवायची असते. २०१३ च्या दुरुस्तीने लैंगिक अत्याचाराची फिर्याद देणाऱ्या अपंग व्यक्तीसाठी दुभाष्याच्या वा विशेष शिक्षकाच्या साहाय्याची तरतूद झाली. म्हणजे पात्रता, मानधन, नोंदवही या कल्पना आपल्या व्यवस्थेला अपरिचित नाहीत. सतरा वर्षांच्या माडिया मुलीला जो हक्क कायदा स्पष्ट शब्दांत देतो, तो तिच्या पस्तीस वर्षांच्या आईला त्याच स्पष्टतेने का देत नाही, एवढेच विचारायचे आहे. फौजदारी खटल्यातल्या आरोपीला न्यायालयाची भाषा येत नसेल तर विनामूल्य दुभाषी मिळण्याचा हक्क नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, आणि भारत १९७९ पासून त्या कराराचा सदस्य आहे.

दुसरा आक्षेप यंत्राचा: आता भाषांतर संगणक करील. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली 'सुवास' ही प्रणाली आणली; तिच्या मदतीने निकालपत्रांची मराठीसह अनेक भाषांत रूपांतरे होतात. हे स्वागतार्हच आहे. २०२५ साली केंद्राच्या जनजाती मंत्रालयाने 'आदि वाणी' नावाचे साधन आणले, त्यात गोंडीही आहे. पण लिहिलेले निकालपत्र उलटवणे आणि घाबरलेल्या माणसाचे तुटक बोलणे समजून घेणे, यांत फरक आहे. शिवाय १९६२ चा निकाल 'वाचता येणारी लिपी' म्हणतो. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली लिपी घडवली. ती वाचणारे थोडे आहेत. ज्या भाषेचे बहुतेक व्यवहार तोंडी आहेत, तिच्यासाठी माणसाच्या तोंडाला पर्याय नाही.

आता थोडे आपल्या, म्हणजे मराठीप्रेमींच्या, भूमिकेविषयी. १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. उच्च न्यायालयाची भाषा मात्र अनुच्छेद ३४८ अन्वये इंग्रजीच आहे. त्याच अनुच्छेदातल्या पोटकलमाचा आधार घेऊन राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथील उच्च न्यायालयांत हिंदीला परवानगी मिळाली; मराठीला मिळालेली नाही. ती मिळावी, या मागणीशी प्रस्तुत लेखक पूर्णपणे सहमत आहे. पक्षकाराला त्याच्याच खटल्यात बहिऱ्यासारखे बसावे लागू नये, हा त्या मागणीचा गाभा आहे. पण हा गाभा मान्य केला, तर तो भामरागडपुढे थांबत नाही. तेथे मराठीच ती इंग्रजी आहे: वरून येणारी, कागदावरची, साहेबाची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण केला. दोन हजार वर्षांच्या भाषेला शेजारच्या भाषेचे ऐकून घेण्याइतके मोठेपण असावे, ही अपेक्षा त्या आनंदात बसायला हवी.

दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. १९९६ पासून झालेल्या त्याच्या सुनावण्यांत लोक आपापल्या भाषेत बोलले आणि दुभाष्यांनी त्यांचे म्हणणे प्रथमपुरुषी सांगितले. 'ती म्हणते की तिच्या मुलाला नेले' असे न म्हणता 'माझ्या मुलाला नेले' असे ते म्हणत. यातना भोगलेल्यांचाही 'मी' त्यांनी उच्चारला आणि यातना देणाऱ्यांचाही. त्या 'मी'चे ओझे अनेकांना दीर्घकाळ सोसावे लागले. ज्याला आपण केवळ मध्यस्थ समजतो त्याच्याकडून ही पद्धत किती मागते, हे त्यातून कळते. असे काम हाताशी सापडलेल्या माणसाकडून, फुकट आणि शिकवल्याशिवाय करून घेणे, हा त्याच्यावरही अन्याय आहे.

मग करायचे काय? तीन गोष्टी फार अवघड नाहीत. पहिली, मूळ बोलणे जपले जावे. साक्षीदाराचा जबाब दृक्श्राव्य साधनांनी नोंदवण्याची मुभा संहितेच्या कलम १८० मध्ये आहे. अन्य भाषेतला जबाब असेल तेथे ती मुभा नियम व्हावी, म्हणजे दुभाष्याने काय सांगितले ते नंतर कोणालाही ताडून पाहता येईल. दुसरी, पोक्सोच्या नोंदवहीसारखी नोंदवही प्रत्येक जिल्ह्यात सर्वच प्रकरणांसाठी असावी, आणि तीत नाव असलेल्याला प्रवासखर्चासह मानधन मिळावे. तिसरी गोष्ट आपल्या आवाक्यातली आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ आहे. भाषांतराचा अभ्यास मराठीच्या विभागांना नवा नाही. कवितेचे भाषांतर शक्य की अशक्य, यावर परिसंवादही होतात. त्याच विभागांनी विधी विभागाच्या सहकार्याने न्यायालयीन दुभाष्यांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालवावा: दोन्ही भाषांची व्याकरणे, दप्तरी मराठी, फौजदारी प्रक्रियेची ओळख, गोपनीयता, आणि 'मला हे वाक्य समजले नाही' असे न्यायाधीशांपुढे म्हणण्याचे धैर्य. विद्यार्थी म्हणून गोंडी-माडिया बोलणारी तरुण मुलेमुली यावीत. त्यांची मातृभाषा ही आजवर शाळेत अडचण म्हणून मोजली गेली. येथे ती पात्रता म्हणून मोजली जाईल.

दुभाष्याची जागा म्हणजे दोन माणसांमधली जागा, तशीच आस्थापना यादीतली, वेतन असलेली जागा. पहिली आपल्याकडे नेहमीच कोणीतरी भरून काढत आला आहे. दुसरी मंजूर होत नाही तोवर १९६२ चा निकाल पुस्तकात राहील, आणि कळवणे म्हणजे कागद हातात देणे, हाच अर्थ ठाण्याठाण्यांत चालू राहील.